मुक्काम पोस्ट ठक्, तालुका केळापूर

यवतमाळ जिल्ह्याच्या सरकारी दप्तरात केळापूर नावाचा एक तालुका आहे. त्याला हद्दी आहेत, नकाशा आहे, सातबारे आहेत आणि तहसीलदारही आहे; परंतु तो तहसीलदार ज्या कचेरीत बसतो ती कचेरी केळापुरात नसून पांढरकवड्यात आहे, आणि केळापूर तालुक्याचा कागद हवा म्हणून कोणी थेट केळापूर गाठले तर त्याला जगदंबेचे दर्शन घडेल, कागद मिळणार नाही. जिल्ह्याचे नाव तरी कोठे आरंभापासून यवतमाळ होते? १९०५ पर्यंत त्याला वणीचे नाव होते. ज्याने आपली सारी हयात न्यायालयाच्या नक्कल विभागात दुसऱ्यांच्या कागदांच्या बरहुकूम नकला करण्यात घालविली, अशा माझ्यासारख्या माणसाने ही व्यवस्था पाहून अस्वस्थ व्हावयास हवे होते. पण मला ती मनापासून आवडली, कारण नाव एकीकडे आणि अंमल दुसरीकडे हा प्रकार मी नोकरीत आणि संसारात सारखाच पाहिलेला आहे.

केळापूरला जाण्याचे निमित्त मात्र माझे नव्हते. माझे साडभाऊ हिंगणघाटकडे शेती करतात. त्यांच्या कन्येने तलाठ्याची परीक्षा द्यावयाचे ठरविले तेव्हा त्यांनी केळापूरच्या जगदंबेला पितळी घंटेचा नवस बोलून ठेवला. कन्या उत्तीर्ण झाली, तिला सजाही मिळाला, आणि घंटा मात्र गोणपाटात गुंडाळलेली अशी त्यांच्या ओसरीवर पडून राहिली. देवीने स्मरणपत्र पाठविले नाही. माझ्या मेहुणीने मात्र रोज सकाळी चहाबरोबर एक याप्रमाणे ती पाठविली. अखेर मुहूर्त ठरला आणि मला नागपुराहून बोलावणे आले. नवस फेडताना वडीलधारे माणूस असावे, असे कारण सांगण्यात आले. परंतु खरे कारण असे की घंटा जड होती आणि मी रिकामा होतो. माझ्या देहाकडे पाहणाऱ्यास मी बळकट आहे असा भ्रम नेहमीच होतो. वस्तुतः तो देह म्हणजे खुर्चीवरील अखंड सेवेचे असे निवृत्तिवेतन आहे, की जे कोषागाराच्या कोणत्याही आक्षेपावाचून दरमहा वाढत असते.

वाहन होते आमच्या दोघांच्या कैलासवासी सासऱ्यांनी १९९९ साली कापूस वाहण्यासाठी घेतलेली पिकअप. १९४७ साली मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू झाली, आणि युद्धासाठी घडविलेल्या त्या सांगाड्याच्या वंशजांनी पुढे आपल्या खेड्यापाड्यांतून कापूस, शेळ्या, वाजंत्री आणि लग्नाची वऱ्हाडे असा सर्व प्रकारचा माल निमूटपणे वाहिला. आमची पिकअप मालाच्या बाबतीत त्याच परंपरेतील होती. निमूटपणाच्या बाबतीत नव्हती.

हिंगणघाटच्या चौकातून गाडी उचलताच आमच्या पायाखाली कोठेतरी स्वच्छ, कोरडा आणि अधिकारयुक्त असा एक ‘ठक्’ झाला. थोड्या वेळाने साडभाऊंनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून पुन्हा ठेवला, तेव्हा तोच आवाज दोनदा झाला. दुसऱ्या गिअरात एका बैलबंडीच्या मागे सावकाश चालावे लागले तेव्हा गाडीने असे हिसके दिले, की माझा चष्मा नाकावरून उतरून मिशीवर स्थिरावला. आणि साठाच्या सुमारास वेग गेला तेव्हा या सर्व तक्रारी तहकूब होऊन त्यांच्या जागी एक सलग घरघर सुरू झाली, जी माझ्या आसनातून शिरून दाढांपर्यंत पोहोचली. साडभाऊ निर्विकार होते. “जुनी गाडी हाय, साडभाऊ,” ते म्हणाले, “बोलतेच थे.” मी म्हटले, “बोलण्याला माझी हरकत नाही. पण ही फिर्याद देत आहे.”

फिर्याद म्हटली की आरोपी शोधणे आले, आणि पहिला संशय अर्थातच मागच्या हौद्यातील घंटेवर गेला. गाडी कडेला घेऊन आम्ही तिचा लोलक साडभाऊंच्या दुपट्ट्याने आवळून बांधला, तिच्या भोवती सरकीच्या ढेपेची दोन पोती रचली, आणि ती आता मनात आणले तरी वाजू शकणार नाही अशी खात्री करून पुढे निघालो. गाडी उचलली, ठक्. घंटा निर्दोष सुटली. तपासाचा हा पहिला टप्पा फुकट गेला असे साडभाऊंना वाटले, मला वाटले नाही; जुन्या गाडीतील आवाजाचा शोध घेताना तिच्यातील सुटा माल, जॅक, टॉमी आणि पाने आधी बाहेर काढावेत किंवा बांधावेत, हे कलम क्रमाने पहिलेच आहे, आणि अनेक निरपराध गिअरबॉक्स केवळ ते कलम न पाळल्यामुळे उघडले गेलेले आहेत.

यानंतरचा आमचा मार्ग भूगोलाच्या पुस्तकात वडनेर, पोहणा, वडकी, करंजी असा दाखविलेला असला तरी माझ्या स्मरणात तो क्लच, बॅलन्सिंग, डिझेल पंप आणि हौसिंग असा नोंदला गेलेला आहे. वडनेरला चहा देणाऱ्या गृहस्थांनी कप हातात देण्यापूर्वीच क्लच प्लेट गेल्याचा निकाल दिला. पोहण्याजवळ आम्ही वर्धा नदी ओलांडली. याच पाण्याच्या अलीकडे एके काळी नागपूरकर भोसल्यांचा मुलूख संपे आणि पलीकडे निजामाचा वऱ्हाड लागे. परंतु आमच्या ठक्ने हद्द ओलांडताना कसलाच संकोच दाखविला नाही. वडकीच्या पंक्चरवाल्याच्या मते सारा दोष चाकांच्या बॅलन्सिंगचा होता, आणि योगायोगाने बॅलन्सिंगचे यंत्र त्याच्या मावसभावाकडे होते. पंपाचे निदान करणारे सद्गृहस्थ तर मोटारसायकलवरून आमच्या शेजारून जात होते. त्यांनी वेग कमी न करताच ते केले. आणि करंजीला सोळा चाकांच्या एका ट्रकचे सारथी खाली उतरले, त्यांनी आमच्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, मागच्या टायरला लाथ मारली आणि अतिशय दुःखाने सांगितले, की हौसिंगमधील क्राऊन-पिनियन संपलेले आहे, आणि या वयाच्या गाडीवर तेवढा खर्च करण्यापेक्षा ती भंगारात दिलेली बरी.

येथे माझा संताप अनावर झाला. या देशात माणसाला दाढ दुखत असल्याचे सांगण्याची सोय नाही, आणि गाडी ठोकते हे तर लपविण्याचीही सोय नाही. ज्याने आयुष्यात गाडीखाली कधी मान घातली नाही तोही टायरला लाथ मारून सर्वोच्च न्यायालयाच्या थाटात निकाल देतो, आणि त्या निकालाचा खर्च मात्र आपल्या माथी बसतो. साडभाऊंचा चेहरा उतरला. सासऱ्यांची गाडी भंगारात घालण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला असावा. कारण करंजीपासून पुढे ते गिअर इतक्या हळुवारपणे टाकू लागले, की ठक् होण्याऐवजी गाडीच बंद पडू लागली.

केळापूरच्या टोलनाक्यावर प्रकरण चव्हाट्यावर आले. रांग गाडीगाडीने पुढे सरकत होती, आणि थांबणे व उचलणे हीच आमच्या ठक्ची आवडती परिस्थिती असल्यामुळे आम्ही प्रत्येक वेळी पुढच्या व मागच्या गाड्यांना आपल्या अस्तित्वाची ग्वाही देत होतो. फास्टॅग आल्यापासून नाक्यावर माणसाचे पैसे कोणताही आवाज न करता जातात. त्या शांततेत आमचा ठक् अधिकच उठून दिसला. १८१८ च्या एप्रिलात याच टापूत, पांढरकवड्याजवळच्या शिवणीस, कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पराभव केला आणि श्रीमंतांना पलायन करावे लागले. त्यांना ते निदान घोड्यावरून करता आले. आमच्या वाहनातून पळ काढणाऱ्याचा माग आंधळ्यानेही काढला असता. नाक्यावरचा पोरगा मात्र शहाणा निघाला. त्याने स्वतःचे मत दिले नाही. पांढरकवड्यात कोणाकडे जावे एवढेच सांगितले.

तो मिस्त्री एका कडुलिंबाखाली ट्रॅक्टरच्या पोटात होता. बाहेर येऊन त्याने हात पुसले आणि विचारले, “काय करते जी गाडी?” मी या प्रश्नाची तयारी केलेली होती. हिंगणघाटपासूनची संपूर्ण हकिकत, स्थळ, वेळ, वेग आणि गिअर यांच्या उल्लेखासह, मी अशी सादर केली की कोणत्याही दुय्यम न्यायाधीशाने ती जशीच्या तशी दाखल करून घेतली असती. मिस्त्रीने ती शेवटपर्यंत ऐकली आणि साडभाऊंकडे वळून एकच विचारले: “उभ्यानं उचलतानी ठोकते, का पळतानी पाय सोडल्यावर?”

“दोन्ही डाव ठोकते.”

“मंग कुठंतरी ढील हाय. क्लच नाई.”

त्या दोन वाक्यांत जे तर्कशास्त्र होते ते मला पुढे सावकाश उलगडले. इंजिनाचे बळ चाकापर्यंत जाताना क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, हौसिंग आणि एक्सल अशा हातांहातांतून जाते. या मार्गावर कोठेही झीज होऊन मोकळी जागा उत्पन्न झाली, की बळाची दिशा बदलताच ती जागा एका बाजूने संपून दुसऱ्या बाजूला उघडते आणि धातूवर धातू आपटतो. पाय ठेवला की एकदा, उचलला की एकदा. बिघडलेला क्लच गाडी उचलताना थरथरवील किंवा घसरेल, पण धावत्या गाडीत नुसता पाय सोडल्यावर ठोकणार नाही. प्रश्न राहतो तो एवढाच, की मोकळी जागा नेमकी कोठे. आणि तो कानाने सुटत नाही, कारण साऱ्या सांगाड्याचे लोखंड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे शाफ्टमधला आवाज पायाखाली ऐकू येतो आणि मागच्या कमानीतला पाठीशी. केळापूर तालुक्याचेच हे न्यायशास्त्र: ऐकू येते एका गावी, कचेरी दुसऱ्या गावी.

मिस्त्रीने प्रथम बॉनेट उघडले, साडभाऊंना हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून क्लच अर्धवट सोडावयास सांगितले, आणि इंजिन एका अंगावर असे उचलले गेले की जणू त्याला कूस बदलायची होती. त्या अंगाचे फाउंडेशन रबर मधोमध चिरलेले होते. “हे तुमचे हिसके,” तो म्हणाला. इंजिन आपल्या जागी राहात नसल्यामुळे हळू चालताना प्रत्येक झटका दुप्पट होऊन गाडीला मिळत होता. एक फिर्याद निकाली निघाली. मग त्याने मला न्याहाळले, खालपासून वरपर्यंत न्याहाळले, आणि विचारले, “साहेब, तुमी मांगं डाल्यात बसान का जरासे?”

मला हा सन्मान वाटला. पुढे कळले की माल भरल्यावर मागच्या कमानी दबतात, कमानी दबल्या की हौसिंग वर येते, आणि त्यामुळे शाफ्टचा कोन बदलून आवाजही बदलतो. तो बदल पाहण्यासाठी त्याला भार हवा होता. “दोन कट्टे गहू लागले असते,” तो साडभाऊंना म्हणाला, “पन यायच्यानं भागते.” बत्तीस प्रकारच्या शिक्क्यांखाली सह्या करूनही शासनदरबारी माझ्या वजनाचा कधी उपयोग झाला नव्हता, पांढरकवड्यात तो पहिल्या प्रयत्नात झाला. मी घंटेशेजारी बसलो, गाडी अंगणात पुढे-मागे फिरली, आणि ठक् अधिक भारदस्त झाला. साडभाऊंना यात माझा अपमान दिसला; मला पुरावा दिसला.

नंतर चाकांना दगड लागले, इंजिन बंद झाले, गाडी गिअरमध्ये ठेवून मिस्त्री गोणपाटावर उताणा होऊन आत सरकला, आणि थोड्या वेळाने त्याचा हात बाहेर येऊन त्याने मला खाली बोलाविले. मी गाडीखाली कसा शिरलो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेर कसा आलो, याचे वर्णन करण्यासाठी ही जागा अपुरी आहे. त्याने माझा हात धरून शाफ्टच्या मागच्या सांध्यावर ठेवला. एका चिमट्याचे दोन बाहू आणि दुसऱ्या चिमट्याचे दोन, त्यांच्या मधोमध एक पोलादी फुली; हिलाच गॅरेजात क्रॉस म्हणतात. मी एका हाताने एक बाजू आणि दुसऱ्या हाताने दुसरी धरून उलटसुलट पिळली, तेव्हा बोटांखाली काहीतरी सूक्ष्म, केसाएवढे, हलले आणि तोच ठक्, आता अगदी लहान झालेला, माझ्या तळहातात उमटला. क्रॉसच्या टोपणांभोवती विटकरी रंगाची कोरडी भुकटी जमली होती. आतल्या सुईसारख्या बारीक रुळांचे ग्रीस संपले की ते गंजतात, घासतात आणि या रूपाने बाहेर येतात.

“आनि हौसिंग?” साडभाऊंनी भीत भीत विचारले.

“हौसिंगमंदी थोडी ढील ठेवाच लागते. नाई ठेवली तं दाते गरम होऊन जळतीन. तुमच्या हौसिंगले काई झालं नाई.”

करंजीचे ते सारथी त्या क्षणी समोर असते तर मी त्यांच्या टायरला लाथ मारली असती.

हा सांधा युरोपात जेरोलामो कार्डानो या इटालियनाच्या नावाने ओळखला जातो. हा गृहस्थ (१५०१–१५७६) वैद्य होता, गणिती होता, ज्योतिषी होता आणि पट्टीचा जुगारीही होता. १५७० साली धर्मन्यायसभेने त्याला कैदेत टाकले, आणि येशू ख्रिस्ताची कुंडली मांडल्याचा आरोपही त्याच्यावर होता असे चरित्रकार सांगतात. परंतु सांध्याची चाल नीट पारखून १६७६ साली तिची माहिती छापली ती लंडनच्या रॉबर्ट हूकने. येथेही नाव एकाचे आणि अंमल दुसऱ्याचा. या सांध्याची एक खोड अशी, की कोनात फिरताना तो बळ पोहोचवितो पण एकसारखे पोहोचवीत नाही. पहिला दांडा समान गतीने फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस घालतात आणि त्यांचे चिमटे एका रेषेत ठेवतात, म्हणजे एकाची चूक दुसरा बरोबर उलट चूक करून फेडतो. संसार याच तत्त्वावर चालतो.

आमचे चिमटे एका रेषेत नव्हते. मिस्त्रीने शाफ्टच्या एका टोकाला डोळा लावून पाहिले आणि तो पहिल्यांदाच चिडला. “कोनं खोलला होता हा?” मागे कधीतरी क्लचच्या कामासाठी शाफ्ट उतरविला होता, आणि कोठल्याशा गॅरेजात तो खूण न करता दोन-चार दाते पुढे-मागे असा बसविला गेला होता, साठावरची घरघर ती हीच. उतरविण्यापूर्वी छिन्नीने जोडाच्या दोन्ही भागांवर एक रेघ मारली असती तर हा प्रसंग आला नसता, आणि ती रेघ मारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

नवा क्रॉस आणि रबर आणायला मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा गेला, तोवर मी गाडीची कागदपत्रे पाहावीत म्हणून डॅशबोर्डचा खण उघडला; कागद दिसला की वाचणे हा माझा व्यवसाय होता. आत सासऱ्यांची कापडी पुठ्ठ्याची वही होती. डाव्या बाजूला कापसाची वजने, संकलन केंद्रावरच्या पावत्यांचे क्रमांक; १९७२ साली सुरू झालेली कापसाची एकाधिकार खरेदी तेव्हा अद्याप चालू होती, आणि पिकविणाऱ्याने रांगेत याच गाडीच्या हौद्यात रात्री काढाव्यात, अशी व्यवस्था ती ज्यांनी केली त्यांना अपमानास्पद वाटत नव्हती. उजव्या बाजूला गाडीचा हिशेब, त्याच अक्षरात: क्रॉस, ग्रीस. शॅकल, ग्रीस. कमानीचे बोल्ट आवळले. ही ओळ ठरावीक अंतराने पानामागून पान येत होती, आणि एका तारखेनंतर वही कोरी होती. ते आम्हा जावयांशी फारसे कधी बोलले नाहीत. आम्ही त्यांना कठोर समजत होतो. वही मी साडभाऊंपुढे धरली. त्यांनी ती वाचली, खिशातून पेन काढले, आणि शेवटच्या नोंदीखाली आजची तारीख घालून लिहिले: क्रॉस नवा. ग्रीस.

मिस्त्रीने जुना क्रॉस माझ्या हातात दिला. त्याच्या चारही भुजांवर रुळांनी उभ्या रेघा कोरल्या होत्या, आणि नख फिरवले की ते प्रत्येक रेघेत अडकत होते. नवा क्रॉस त्याने ग्रीस निपलवालाच घातला, चिमटे जुळविले, मागच्या कमानींचे यू-बोल्ट आवळले, आणि एवढ्याचे जे पैसे घेतले ते ऐकून साडभाऊंनी आणखी काही करावयाचे आहे काय असे विचारले. संध्याकाळी आम्ही जगदंबेला घंटा अर्पण केली, देवीचे दर्शन घेतले, प्रसाद खाल्ला. टिपेश्वर अभयारण्य जवळच आहे आणि तेथे वाघ आहेत, परंतु त्या दिवशी मी गाडीखाली गेलो होतो आणि आणखी धाडस करण्याची मला गरज वाटली नाही.

जुन्या पिकअपच्या मालकांस माझी विनंती एवढीच आहे. गाडी ठोकू लागली तर रस्त्यावरच्या निकालांवर हौसिंग उघडू नका. मागचा माल बांधा, इंजिनाचे फाउंडेशन रबर पाहा, यू-बोल्ट आवळा, चाकांना दगड लावून क्रॉस हाताने पिळा. शाफ्ट उतरवावा लागला तर आधी रेघ मारा. आवाज अंगवळणी पाडून घेऊ नका, कारण तुटलेल्या क्रॉसचा शाफ्ट धावत्या गाडीखाली रस्त्यावर येतो. आणि ऑइल बदलाल तेव्हा क्रॉसला ग्रीस द्या. क्रॉस हौसिंगपेक्षा स्वस्त आहे, आणि ग्रीस क्रॉसपेक्षा.